‘बाई, जाऊ?’

नमस्कार श्रोतेहो.

जून उजाडला की शिक्षकांच्या खोलीत नव्या वर्गाची ओळख करून दिली जाते. गेल्या वर्षीच्या बाई यंदाच्या बाईंना सांगतात, “खिडकीजवळचा आहे ना, भारी आगाऊ. ती दोन वेण्यांची घुमी आहे. आणि तो मागचा, त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवू नका.” चहा संपायच्या आत चाळीस पोरांच्या पत्रिका मांडून होतात. वर्षभर त्या खऱ्याही ठरतात, कारण आपण त्याच नजरेनं बघत राहतो.

शाळेत मूल अमुक असं वागतं, ते का वागतं, हे ओळखायचं कसं, यावर आज बोलू या.

तिसरीचा वर्ग. मराठीचा तास. एक मुलगा करंगळी वर करून उभा राहतो. “बाई, जाऊ?” हे रोजचंच. बाई म्हणतात, “आत्ताच तर मधली सुट्टी झाली ना रे!” वर्ग हसतो. तो जातो, टाकीपाशी रेंगाळतो, दहा मिनिटांनी परत येतो. शेरा ठरलेला: कामचुकार, नुसतं हिंडायला हवं.

या बाईंनी एक केलं. वहीच्या मागच्या पानावर आठवडाभर नोंद ठेवली. तो कधी उठला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, परत आल्यावर काय झालं. एकही विशेषण लिहायचं नाही, एवढीच अट. शनिवारी पान बघितलं तर गणिताच्या तासाला करंगळी एकदाही वर आलेली नाही. मराठीतही कविता असली की नाही, कारण कविता सगळे मिळून म्हणतात. प्रकट वाचन सुरू झालं आणि पाळी पुढच्या बाकावरून सरकत आली, की त्याच्या आधीची दोन-तीन मुलं उरली असताना करंगळी वर. तो परत येईपर्यंत पाळी पुढे निघून गेलेली.

जाण्यानं त्याचं काम होत होतं, म्हणून तो जात होता. वागण्यानंतर जे पदरात पडतं त्यावर ते वागणं टिकतं, हा बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा विचार. त्यातूनच आधी काय, वागणं काय, नंतर काय, अशी तीन रकान्यांची नोंद करायची पद्धत रूढ झाली. असं वागून मुलाला बहुधा कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू मिळते, नको ते टळतं, नाहीतर त्या हालचालीतच बरं वाटतं.

पण थांबा. ‘याला वाचनाची भीती वाटते’ हासुद्धा अजून अंदाजच आहे, आणि अंदाज पडताळावा लागतो. बाईंनी आदल्या दिवशी त्याला चार ओळी नेमून दिल्या. “उद्या तुझ्या या चार. घरी ताईजवळ बसून वाचून ये.” दुसऱ्या दिवशी तो उठला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तरीही करंगळी वर आली असती, तर आईला बोलावून लघवीला जळजळ होते का, हे विचारायला हवं होतं. भीती जोडाक्षरांची होती. त्यांच्याशी त्याचं भांडण पुढे दिवाळीपर्यंत चाललं, ते वेगळं.

‘कामचुकार’ म्हणत आपण खरंच असे मुलाच्या स्वभावावर घसरतो का? 1967 साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, हे सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना वाटलं की हे त्याचं स्वतःचंच मत असणार. परिस्थिती समोर दिसत असताना आपण माणसाच्या आत कारण शोधतो. मला उशीर झाला तर एसटी चुकली. पोराला उशीर झाला तर ते आळशी.

याच्या उलट टोकाचा एक आळसही आहे, आणि तो मला जास्त डाचतो. “घरचं वातावरणच तसं आहे हो.” “त्या वस्तीतली पोरं अशीच.” ऐकायला हे समजूतदार वाटतं. पण या कारणानं प्रत्येक वागणं समजावता येतं आणि सोमवारी वर्गात काय बदलायचं, ते मात्र कळत नाही. जो अंदाज खोटा ठरूच शकत नाही, तो काय कामाचा? हो, प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीही त्यातल्याच. तयार याद्या मिळतात, एकमेकांच्या मोबाइलवर फिरतात, आणि अख्खा वर्ग ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’!

घरची परिस्थिती खरोखर कारण असते तेव्हा काय करता येतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून ठेवलंय. 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू झालं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीकडे फिरकत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्या दोघी पाड्यांवर गेल्या आणि बालवाडी तिथल्या अंगणात भरवली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला दिसलं की मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात, गुरं चारायला नेतात. मग शाळेला पाळणाघर जोडलं आणि कुरणातच शाळा भरवली.

बीडकडच्या शिक्षकांना हे नवं वाटणार नाही. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात, पोरं सोबत. मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं मूल वर्गात गप्प बसतं, फळ्याकडे बघत राहतं. त्याला विसराळू म्हणण्याआधी हजेरीपट चाळावा. अर्धं पुस्तक त्यानं पाहिलेलंच नसतं.

काही कारणं तर निव्वळ शरीराची असतात. पावसाळ्यात कान वाहणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर नीट ऐकू येत नाही. हाक मारली तरी बघत नाही, म्हणून तो उद्धट. एखादी मुलगी बोलता बोलता काही सेकंद टक लावून थिजते, मग जणू काही घडलंच नाही अशी पुढे बोलू लागते. ओरडून उपयोग नाही. हा फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. असं दिसलं तर दिवसातून किती वेळा होतं ते मोजा आणि पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. चुळबुळ्या मुलाला मात्र लगेच अतिचंचलतेचं लेबल लावू नये. ते निदान डॉक्टर करतात, आणि त्यासाठी तशी लक्षणं निदान सहा महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. फक्त एकाच बाईंच्या तासाला चुळबुळ होत असेल, तर तो तास बघायला हवा!

कारण सापडलं म्हणून मारकुट्या पोराला मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. त्याला तिथल्या तिथे थांबवायचंच. फक्त छडी नाही आणि चारचौघांत पाणउतारा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं दोन्हींना बंदी आहे. आणि “का मारलंस?” असं विचारू नका. मूल मान खाली घालतं, नाहीतर तुम्हाला हवं ते उत्तर देतं. “आधी काय झालं? मग तो काय म्हणाला?” असं विचारलं की ते सगळं सांगत सुटतं.

आता पालकांना एक विनंती. घरात आजारपण असेल, पहाटे उठून पोरीला पाणी भरावं लागत असेल, तर चिठ्ठीत दोन ओळी लिहून बाईंना कळवा. लिहिता येत नसेल तर शाळेच्या दारात उभ्या उभ्या सांगा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. सरकारी शाळेत मूल असेल तर त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका. डोळे, कान, दात तिथंच बघतात, आणि पुढच्या उपचाराची चिठ्ठीही फुकट मिळते.

नमस्कार.