पश्चिमेची खिडकी आणि आतले ब्लाइंड्स

नमस्कार मंडळी. मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो, नागपुरातलीच, दुपारचे चार वाजलेले, पश्चिमेच्या खिडकीचे ब्लाइंड्स गच्च बंद, खोलीत अंधार, तरी एसी काही केल्या थांबेना. सहज पट्टीला हात लावला तर चटकाच बसला, आणि काच नि पट्ट्यांच्या मधून गरम हवा नुसती वर येत होती.

आता असं का होतं बघा. ऊन काचेतून सरळ आत येतं, पट्ट्या तापतात, आणि तापलेली पट्टी जी उष्णता फेकते ती साध्या काचेतून आरपार बाहेर जात नाही, म्हणजे जेवढं ऊन पट्टीवरून उजेड म्हणूनच परत फिरलं तेवढंच गेलं, बाकीचं घरात शिरलंच की. म्हणून काचेकडची बाजू पांढरीच पाहिजे, गडद चॉकलेटी ब्लाइंड्स कितीही छान दिसोत, पश्चिमेला नको म्हणजे नको.

चार फूट बाय चार फूट खिडकी धरा, साधारण दीड चौरस मीटर. उतरतं ऊन समोरून आलं की दर चौरस मीटरला 600 वॉटच्या आसपास पडतं, म्हणजे एका खिडकीवर 900 वॉट, जणू खोलीत इस्त्री चालू ठेवलीय! एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो, हे ऊन सगळंच आत शिरलं तर त्याची जवळजवळ पाव ताकद ह्या एका खिडकीपायीच जाते.

दक्षिणेच्या खिडकीचं एवढं टेन्शन नाही, मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र छज्ज्याखालून घुसतं, ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आपल्याकडे पूर्वी बांबूची चिक, वाळ्याचे पडदे बाहेरून सोडायचे ते किती बरोबर होतं, चिक तापली तरी बाहेरच तापते, वारा ती उष्णता घेऊन जातो. मीही शेवटी चिकच लावली, आता चार वाजता आतली पट्टी कोमट लागते फक्त.

बिल्डिंगमध्ये बाहेर काही लावू देत नसतील तर आत पांढरे ब्लाइंड्स, काचेला जमेल तितके लागून. आणि रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडा, भिंतींनाही श्वास घेऊ दे.

हां, चिकेचं खालचं टोक दोरीनं नीट बांधून ठेवा, मे महिन्यात संध्याकाळी वादळ सुटलं की ती काचेवर आपटत राहते.