पाणी किती प्यायलात, यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा

नमस्कार. अळूचे फदफदे नीट शिजले नाही की घसा खाजतो, तो पानांतल्या कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. आणि बहुतेक मूतखडे याच क्षाराचे बनलेले असतात. म्हणून कोणी अळू सोडण्याची गरज नाही. हा क्षार विरघळलेल्या अवस्थेत राहील इतके पाणी लघवीत उरले नाही, की त्याचे कण एकमेकांना चिकटून खडा धरू लागतो.

एप्रिलच्या उन्हात स्वारगेटहून हिंजवडीपर्यंत दुचाकीने जाणाऱ्या माणसाने दोन लिटर पाणी प्यायले, तरी त्यातले बरेचसे घामावाटे निघून जाते. म्हणूनच ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांना दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी एवढे पाणी प्यायला सांगितले जाते. सुट्टीच्या दिवशी एक जुने मापाचे भांडे न्हाणीघरात ठेवा आणि चोवीस तासांची लघवी खरोखर मोजून पाहा. अनेकांना ती दीड लिटरही भरत नाही, असे दिसेल. इटलीत केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला.

लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघालेल्या कितीतरी बायका, वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने, घरूनच पाणी न पिता निघतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. निदान घरी परतल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी आवर्जून पाणी प्यावे, कारण रात्रीची लघवी एरवीच दाट असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

खड्यात कॅल्शियम असते असे कळताच घरातले दूध-दही बंद करणे ही मला सर्वांत घातक समजूत वाटते. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे बाहेर पडते. त्यामुळे दाणे घातलेली पालकाची पातळ भाजी केली, तर त्याच जेवणात वाटीभर दही किंवा ताक अवश्य घ्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. खरी कात्री लावायची ती लोणचे, पापड आणि फरसाणातून पोटात जाणाऱ्या मिठाला, कारण जास्त मीठ लघवीत कॅल्शियम ओतते. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चमच्याच्या, आत असावे. लिंबातले सायट्रेट खडा धरू देत नाही, पण सरबतात मीठ घालू नये आणि साखरही बेताचीच असावी.

खडा पडला, तर तो गाळणीत धरून तपासणीसाठी द्यावा. तो युरिक ॲसिडचा निघाला, तर डॉक्टर मांसाहार कमी करायला सांगतात आणि औषधही वेगळे देतात. कळांसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर घरी थांबू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.