खात्रीची बातमी

(पहाटेचे साडेचार. ठाणे स्टेशनबाहेरचा फूटपाथ.)

टेम्पोतून पेपरचे गठ्ठे उतरतात. दोरी कापायची, पुरवणी आत सरकवायची, लाइनप्रमाणे प्रती मोजायच्या. बोटं शाईने काळी.

इथून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. मे १९८४मध्ये तिथे दंगल उसळली. तिची झळ ठाण्याला, मुंबईला बसली. पुढे १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं एका सतरंजीवर. अफवा उठली की आधी एकमेकांना विचारायचं. १९९२-९३मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली.

केवढं मोठं काम! पण अधिकाऱ्याची बदली होते, कमिट्या थंडावतात. रोज उठून खरं-खोटं तपासायचं, तर त्यासाठी बातमीदारच हवा.

(नकाशा : कोसोवो, युरोप.)

सर्ब आणि अल्बेनियन यांच्यातलं युद्ध १९९९मध्ये थांबलं. परदेशी मदतीतून नवी वाहिनी, नवी वर्तमानपत्रं निघाली. मार्च २००४मध्ये इबार नदीत तीन अल्बेनियन मुलं बुडाली. सर्बांनी कुत्रा अंगावर सोडून त्यांना पाण्यात लोटलं, असं वाहिन्यांनी वाचलेल्या एका मुलाच्या बोलण्यावरून सांगून टाकलं. पुरावा नव्हता, तपासातही मिळाला नाही. दंगल पेटली, दोन दिवसांत १९ माणसं मेली. बोलायची मोकळीक होती, पैसाही होता. त्या मुलाचं म्हणणं पडताळायला मात्र कुणी थांबलं नाही.

(नकाशा : काँगो, आफ्रिका.)

फेब्रुवारी २००२. देश सशस्त्र गटांनी वाटून घेतलेला. संयुक्त राष्ट्रं आणि इरोंदेल ही स्विस संस्था यांनी मिळून रेडिओ ओकापी सुरू केला. फ्रेंच आणि चार देशी भाषा. लिंगाला, स्वाहिली, चिलुबा, किकोंगो. युद्धआघाडीच्या अलीकडे-पलीकडे तीच बातमी, तेच शब्द. जून २००७मध्ये त्याचा पत्रकार सर्ज माहेशे याला पूर्वेकडच्या बुकावू शहरात गोळ्या घातल्या. रेडिओ बंद पडला नाही.

तो चालतो मात्र बाहेरच्या पैशावर. ही गोष्ट मला सलते. आपल्याकडेही पेपरच्या किमतीत छपाई निघत नाही, उरलेलं जाहिरातदार भरतो. बातमी कुणाच्या पैशावर उभी आहे, हा प्रश्न बुकावूइतकाच या फूटपाथवरचा.

(पुन्हा स्टेशन. उजाडतंय.)

भिवंडीचा गठ्ठा रिक्षात चढला. पोरगा प्रती पुन्हा मोजतो. एक कमी. तो टेम्पोकडे धावतो.