दोरीने बांधलेला देव आणि सामुराईचा तपास

नमस्कार श्रोतेहो. सामुराई म्हटलं की आपल्याला तलवारच आठवते. पण जपानी पार्श्वभूमीच्या ऐतिहासिक रहस्यकथांतला सामुराई तलवारीपेक्षा डोळे जास्त वापरतो. बोटांचे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. माणसं ओळखायची, एवढंच हाती.

या कथांमध्ये एक खराखुरा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो, ओओका तादासुके. १७१७ साली तो एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, नगर-न्यायाधीश झाला. आपल्याकडे थोरले बाजीराव पेशवे व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. तपासही त्याच्याच कचेरीचा आणि निकालही.

त्याची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ऐका. कापडाच्या दुकानातला एक नोकर, गाडीवर पांढऱ्या कापडाचे तागे. ऊन रणरणतंय. वाटेत जिझोची दगडी मूर्ती दिसली. जिझो म्हणजे वाटसरूंचा, लेकरांचा राखणदार. नोकर तिथेच सावलीत लवंडला. जागा होतो तर कापड गायब!

ओओका म्हणाला, "डोळ्यांदेखत चोरी झाली आणि हा राखणदार गप्प? बांधून आणा त्याला!"

दोरखंडांनी जखडलेला देव गाडीवरून शहरभर निघाला. मागे ही गर्दी! लोक थेट कचेरीच्या आवारात घुसले. (बघ्यांची ही हौस फार जुनी. आजही अपघात झाला की हात द्यायच्या आधी फोन वर होतात, याचा मला मनापासून संताप येतो.) ओओकाने फाटक लावून घेतलं. "परवानगीशिवाय आत आलात. दंड म्हणून प्रत्येकाने एकेक तागा आणून द्या!"

तागे जमले. नोकराने एकेक पाहिला आणि त्यात चोरीचा माल ओळखला. तो कुणी कुठून घेतला, हे विचारत विचारत चोरांची टोळी सापडली. पुन्हा सांगते, ओओका चोरामागे धावला नाही, चोरीचं कापडच त्याच्या दारात आलं.

ही आख्यायिका आहे. त्याच्या नावावरच्या बऱ्याच गोष्टी मागाहून जोडल्या गेल्या. पण तोक्योच्या कात्सुशिका भागातल्या नानझोइन मंदिरात हा जिझो आहे. लोक नवस बोलून त्याला दोरी बांधतात, नवस फळला की सोडतात.

नव्याने वाचणाऱ्यांनी लेखिका लॉरा जो रोलंड यांच्या कादंबऱ्यांतल्या सानो इचिरो या तपास करणाऱ्या सामुराईपासून सुरुवात करावी. पहिल्या कादंबरीचा काळ १६८९. नदीत दोन प्रेतं सापडतात, वरिष्ठ म्हणतात, प्रेमिकांची आत्महत्या, प्रकरण मिटवा. आज्ञा पाळणं हा सामुराईचा धर्म, आणि सानोला तर खून दिसतोय. मला तलवारबाजीहून हा पेच कितीतरी थरारक वाटतो.