बादली बघून घर कळतं

सकाळचे साडेसात वाजलेत, पुण्यातली एक जुनी सोसायटी आहे, आणि ही ताई चौथ्या मजल्यावरून खाली येतेय, दोन्ही हातांत बादल्या. २२ वर्षं ती घरोघरचा कचरा उचलते. आम्ही कॅमेरा लावत होतो तेव्हाच ती म्हणाली, कुणाच्या घरात काय चाललंय ते मला पाटी न वाचता कळतं.

कसं कळतं ते बघा. ही पहिली बादली, मेथीचे देठ, चहाचा चोथा, कांद्याची सालं. म्हणजे घरात दिवसभर कुणीतरी आहे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक होतोय. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी तीन पोरं, तिथे ओला कचरा जवळजवळ नाहीच, पण पार्सलचे काळे डबे, सॉसच्या पुड्या, कुरियरचे खोके एवढे की एका घरात अर्धं पोतं भरतं. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, सोसायटीच्या ग्रुपवर ठेवतातही, पण रात्री दहाला कामावरून येणारं पोरगं, ज्याच्या खोलीत धड ओटा नाही, ते कधी भाजी निवडणार?

तिसऱ्या दाराशी ताई आवाज खाली आणते. आत आजोबा अंथरुणाला खिळलेत. मोठ्या माणसांचे डायपर, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया. दोन वर्षांपूर्वी याच घराची बादली अर्धीसुद्धा भरत नव्हती. सून आधी सुया तशाच टाकायची, एकदा ताईच्या बोटात घुसली, तेव्हापासून पाण्याच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून हातात देते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो. इन्सुलिन कसं टोचायचं ते दवाखान्यात शिकवलं, सुई कुठे टाकायची ते नाही.

२०१६च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की पॅड आणि डायपर गुंडाळून द्यायचे, आणि त्यासाठी लागणारं वेष्टन पॅड-डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यायचं. पुण्यातल्या कचरावेचक बायका हे त्याच्याही आधीपासून मागत होत्या. २०१३मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडनी भरलेल्या पिशव्या थेट कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. आणि घरांना सांगितलं, पॅड पेपरात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते पुडकं उघडणार नाही. एवढंच मागणं होतं, एक लाल ठिपका.

आता नाला ओलांडून वस्तीत येऊ. दहा बाय दहाची खोली, माणसं पाच, फ्रिज नाही. इथे उरलेला भात सकाळी फोडणीला जातो, शिळी भाकरी चहाबरोबर संपते, वाया असं फार काही जातच नाही. रद्दी, बाटल्या, पुठ्ठा घरचे स्वतःच भंगारात देतात, चार पैसे येतात. मग राहतं काय? पुड्या. शाम्पूची पुडी, चहा पावडरची पुडी, तेलाची पिशवी, पोरांच्या कुरकुरीत खाऊची आतून चंदेरी पाकिटं. रोज संध्याकाळी हातात मजुरी येते त्या बाईला लिटरची बाटली परवडत नाही, म्हणून ती आजच्यापुरतं घेते. १९८०च्या दशकात पुडीतला शाम्पू गावोगाव पोचला, तो याच हिशोबावर. आणि नेमकी हीच पुडी भंगारवाला घेत नाही, कारण तिच्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही.

म्हणजे बघा, पलीकडे सोसायटीत कचरा कितीतरी जास्त निघतो पण त्यातलं बरंच विकलं जातं, इथे वजनाला काहीच नाही आणि तरी गटार तुंबलं की बोट वस्तीकडे जातं. मला हे फार लागतं. भिंतीवर लिहिलंय, दुधाची पिशवी धुऊन द्या, ओलं-सुकं वेगळं ठेवा. पाणी येतं दोन तास, तेही हंड्याने भरायचं, आणि दुसरी बादली ठेवायची तर ती झोपायच्या जागेत येते. तरीसुद्धा ह्या बाईने काय केलंय बघा, दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलीय, सुकं त्यात, आणि ओलं एका डालड्याच्या डब्यात. तिला विचारलं कधीपासून, तर म्हणाली, ताई हाताने उचलते ना ते, मग.

पुण्यात १९९३ला कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि २००८पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. ही ताई त्यातलीच. तिच्या पोटाला मिळतं ते महिन्याच्या फीमधून आणि सुका कचरा विकून, म्हणून कुठल्या घरातून काय येतं याचा हिशोब तिला पाठ असावाच लागतो.

दुपारचा एक वाजलाय. शेडमध्ये ताई मांडी घालून बसलीय, हात थांबत नाहीत. पुठ्ठा इकडे, बाटल्या तिकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, त्यांना भाव बरा मिळतो. मागे भिंतीला टेकवून एक पोतं ठेवलंय, त्यात फक्त पुड्या आणि चंदेरी पाकिटं, हलकं एवढं की ती एका बोटावर उचलून दाखवते. ह्याचे किती मिळतात, आम्ही विचारलं. तिने तोंड बांधलं पोत्याचं, आणि महापालिकेच्या गाडीत द्यायच्या ढिगावर नेऊन ठेवलं.