पुडी कुठवर आणि सुरी कुठून?

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सांगलीत उभं राहून हळदीविषयी बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. इथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवली गेली, आणि तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात तिचा पैसा आला असेल. मी तिला नावं ठेवायला आलेलो नाही. हिशेब मात्र मांडणार आहे, कारण क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या एका जुनाट आजाराचे, जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांच्या पिशवीत हळदीची कॅप्सूल हटकून असते.

आधी आजार समजून घेऊ. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. नाव उरलं एकाचं. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. बहुधा तो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठतो, आणि मधला एखादा तुकडा निरोगी सोडून पुढे पुन्हा दिसतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात सूज आतल्या अस्तरापुरती असते. क्रोन्समध्ये ती आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरते. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. भिंत जाड होऊन आतली वाट अरुंद होते. सूज भिंत भेदून पलीकडे गेली की शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात किंवा थेट कातडीवर वाट उघडते. मध्येच पू साठला तर गळू होतं.

आता या आजाराचा स्वभाव बघा. तो चढतो आणि उतरतो, कधीकधी काहीही न करता. नव्या औषधांच्या चाचण्यांत काही रुग्णांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी देतात. त्यांच्यातही साधारण पाच-सहांत एकाला काही आठवड्यांत चांगला आराम पडतो. मग विचार करा, माणूस काढा कधी सुरू करतो? अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर आजार आपसूक उतरला, तरी श्रेय काढ्याला जातं. माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरंच बरं वाटलेलं असतं. पण बरं वाटणं आणि आतली सूज उतरणं या क्रोन्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट गप्प आणि आतडं धुमसतंय, असे कितीतरी रुग्ण मी पाहतो. म्हणून शौचाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन मोजतात, आतड्यात सूज असली की वाढणारं प्रथिन. जो उपाय करताय तो करा, पण आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा हा आकडा काढा.

हळदीचा हिशेब असा. हळदीतला ज्याला औषधी मानतात तो पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. हळकुंडात ते असतं वजनाच्या जेमतेम तीन ते पाच टक्के. फ्रान्समध्ये क्रोन्सची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीच्या जोडीला रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने देऊन पाहिलं. आजार परत येणं त्यानं थांबलं नाही. तो निकाल 2020 साली छापून आला. तेवढं कर्क्युमिन नुसत्या हळदीतून मिळवायचं तर रोज 60 ते 100 ग्रॅम पूड खावी लागेल. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सौम्य रुग्णांत मेसालामाइन या नेहमीच्या औषधाबरोबर कर्क्युमिनचा थोडा उपयोग दिसला आहे, पण लोक तोच निकाल उचलून क्रोन्सला लावतात. सलाई गुग्गुळाचीही जर्मनीत वर्षभर चाचणी झाली. अपाय नाही, पण आजार आटोक्यात ठेवायला फायदाही नाही.

तुमच्या दुधातली चमचाभर हळद मी कधी बंद केलेली नाही. कॅप्सूल मात्र वेगळी. काळ्या मिरीच्या अर्काबरोबरच्या तीव्र कॅप्सूलनं यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. शिवाय क्रोन्समध्ये स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. ते कॅल्शियमला धरून ठेवतात, मग एरवी कॅल्शियमनं बांधलं जाणारं हळदीतलं ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. आतड्याचं दुखणं घेऊन आलेला माणूस खडे घेऊन परत येतो, तो असा.

निसर्गाच्या बाजूनं दोन गोष्टी मात्र ठणकावून सांगतो. बिडी-सिगारेट सोडली तर क्रोन्सला खरोखर फरक पडतो. शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचं प्रमाणही कमी होतं. दुसरी गोष्ट आहाराची. लहान मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त वैद्यकीय द्रव आहार दिला, दुसरा घासही दिला नाही, तर सूज स्टेरॉइडइतकीच उतरते. गंमत एवढीच, की हा आहार कारखान्यात बनलेल्या डब्यातल्या पावडरीचा असतो. तो ऐकला की नैसर्गिक उपाय मागणाऱ्या आयांचे चेहरे उतरतात.

आता एक रुग्ण सांगतो, ओळख लपवून. अडत दुकानात दिवाणजी, वय तिशीचं. रेक्झिनची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. इसबगोलचा डबा, कुटजाच्या गोळ्या, कोरफडीचा रस, हळदीच्या कॅप्सूल आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या करड्या पुड्या. पुड्यांवर ना नाव, ना तारीख. "डॉक्टर, या पुड्यांनी भूक लागते, सांधे धरायचे थांबलेत, चेहरा पण भरलाय." चेहरा भरला होता खरा, पण तो चंद्रासारखा गोल, गाल लाल, कपाळावर पुरळ. सदरा वर घेतला तर पोटावर जांभळे पट्टे. नावनिशी नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याचं नवीन नाही, आणि इथे ते अंगावर लिहिलेलंच होतं. अशा वेळी पुडी एकदम फेकून देणं सगळ्यात धोक्याचं. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते.

त्याची खरी तक्रार वेगळीच होती. जेवलं की तासाभरात पोटात पीळ, फुगारा, गुरगुर, आणि आठवड्यातून एखादी उलटी. पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल दुप्पट, वर घरच्यांच्या आग्रहानं एरंडेल. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याच्या शेवटी वाट बंद होत आलेली, तिच्या मागचं आतडं फुगलेलं. अशा जागी इसबगोल पाणी पिऊन फुगतो आणि उरलीसुरली वाट अडवतो. एरंडेल मागून जोर लावतं. आतडं फुटायला आणखी काय हवं? शल्यविशारदांनी वीतभर आतडं काढलं. ते ट्रेमध्ये उभं चिरलं तेव्हा मी पाहत होतो. भिंत बोटाएवढी जाड, बाहेरून पिवळ्या चरबीनं वेढलेली, आणि मधून पेन्सिलही जाणार नाही. अरुंद जागेच्या अलीकडे डाळिंबाच्या बिया अडकल्या होत्या.

तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. ठिबकची नळी क्षारानं चोंदली तर आम्ल सोडून धुता येते. तीच नळी चेमटून वितळलेली असेल तर कितीही आम्ल सोडा, तेवढा तुकडा कापूनच जोड द्यावा लागतो. सुजेनं अरुंद झालेली वाट औषधानं खुलते, व्रण घट्ट होऊन आवळलेली खुलत नाही. हे माझ्या स्टेरॉइडलाही लागू आहे बरं, फक्त वैद्यांच्या काढ्याला नाही. आखूड जागा असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येते, नाहीतर शस्त्रक्रिया.

भगंदराचंही तसंच. एसटी स्टँडच्या आसपास मूळव्याध-भगंदराच्या पाट्या तुम्ही वाचल्या असतील. पाटीवाल्यांचं सोडा, पण क्षारसूत्र, म्हणजे भगंदरात क्षार लावलेला दोरा बांधणं, ही आयुर्वेदाची जुनी आणि चांगली पद्धत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत साध्या भगंदरात ती शस्त्रक्रियेच्या तोडीची, पुन्हा उद्भवण्याच्या बाबतीत उजवीच ठरली. क्रोन्सचं भगंदर मात्र साधं नसतं. क्षारसूत्र हळूहळू स्नायू कापत बाहेर येतं, आणि क्रोन्सची जखम भरत नाही. मग शौचावरचा ताबा जातो. इथे एमआरआय काढतात, पू मोकळा करतात, न कापणारा सैल दोरा महिनोन्‌महिने ठेवतात आणि जोडीला इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारं इंजेक्शन देतात. क्रमही महत्त्वाचा. पू आत असताना हे इंजेक्शन दिलं तर जंतुसंसर्ग अंगभर पसरतो.

आमच्याही बाजूच्या अडचणी सांगायला हव्यात. वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाच्या इतक्या जवळ राहून तुम्हाला क्षयाची ओळख करून द्यायला नको. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स एकाच जागी बसतात आणि दुर्बिणीतूनही सारखे दिसतात. म्हणून कधीकधी दोन-तीन महिने क्षयाचीच औषधं देऊन पुन्हा दुर्बीण घालावी लागते. रुग्णाला वाटतं, डॉक्टरला काही कळत नाही. तसं नसतं. क्षय असताना इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर तो उसळतो. अझाथायोप्रिनवर रक्तपेशी मोजत राहाव्या लागतात. आणि खर्च! इंजेक्शनं महाग आहेत म्हणून माणसं पुडीकडे वळतात, हे मला दिसतं. 2014 पासून अडालिमुमॅब या तशाच दुसऱ्या इंजेक्शनचं भारतीय रूप मिळू लागलं, किमती उतरल्या, तरी सामान्य घराला तो घाव मोठाच आहे. परवडत नसेल तर स्पष्ट बोला. अझाथायोप्रिन स्वस्त आहे, आणि योग्य वेळची शस्त्रक्रिया कधीकधी वर्षभराच्या इंजेक्शनांपेक्षा कमी पैशात होते.

(प्रश्नोत्तरांतून)

मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न आहे: मुलगा चौदा वर्षांचा, सहा महिने काढा चालू आहे, जुलाब थांबलेत, तर दवाखान्याची औषधं बंद केली तर चालतील का?

ताई, जुलाब थांबले हे चांगलंच झालं. पण या वयात मी आधी जुलाब विचारत नाही, उंची विचारतो. आतड्यात सूज राहिली की मुलाची वाढ खुंटते, आणि हाडांची टोकं एकदा जुळली की गेलेली उंची परत येत नाही. औषधं आज बंद करू नका. शाळेच्या नोंदीतून त्याची गेल्या दोन वर्षांची उंची आणि वजनं काढा, कॅलप्रोटेक्टिन करून घ्या, आणि येताना काढ्याची बाटलीही घेऊन या, लेबलासकट.