चौदा पाऊणे साडेदहा

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ अभियंता या महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहेत आणि त्यांना जाहीर शुभेच्छा देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण ते त्यांना रुचणार नाही.

वाशी आणि बेलापूरचा सखल भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे सिडकोने येथे डच धर्तीवर धारण तलाव, म्हणजे पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारी तळी, बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीला खाडीच्या दाबाने झडप मिटते आणि ओहोटीला तळ्याच्या दाबाने उघडते. पुन्हा सांगतो, भरतीला बंद, ओहोटीला उघडी.

मी नोकरीत नवा असताना श्रावण वद्य चतुर्दशीच्या रात्री मुसळधार पाऊस कोसळत होता. रस्त्यावर घोटाभर पाणी साचले होते आणि दहाच्या सुमारास पंधरा-वीस रहिवासी पहारी घेऊन, झडप आत्ताच्या आत्ता उघडा, असे म्हणत बांधावर आले. मी घाबरलो होतो. आता निवृत्त होणाऱ्या आमच्या या साहेबांनी मात्र वाद न घालता गर्दीतल्या एका वृद्ध कोळीबाबांना विचारले, "बाबा, आज तिथी कोणती?" ते म्हणाले, "चौदस." "मग भरती कधीची?" बाबांनी क्षणभर ओठ हलवले आणि म्हणाले, "चौदा पाऊणे साडेदहा." तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे त्यांना ठाऊक होते. शाळांनी पावकी, निमकी आणि पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे बंद करून काय मिळवले, हे मला आजतागायत उमगलेले नाही. साहेबांनी विजेरीचा झोत बांधाच्या पलीकडे टाकला, तेव्हा खाडीचे पाणी तळ्याहून हातभर वर असल्याचे सर्वांना दिसले. "आता झडप उचलली, तर तळे बाहेर जाणार नाही, खाडी तुमच्या घरात येईल," एवढेच ते म्हणाले.

मग सगळेच थांबले. मध्यरात्र उलटल्यावर ओहोटीने खाडी तळ्याच्या खाली गेली आणि झडपा करकरत आपोआप उघडल्या, पण पाणी पुरेसे सरकेना, कारण आतल्या जाळीला कोणीतरी नाल्यात फेकलेली कापसाची गादी चिकटली होती. ती गादी साहेबांनी त्याच रहिवाशांकडून, त्यांच्याच पहारींनी ओढून काढवली. पहाटेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता.

साहेब आता मालवणला, आपल्या गावी राहायला जाणार आहेत. तेथे त्यांना उत्तम आरोग्य आणि रात्रीची अखंड झोप लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे.

निरोपसमारंभ दुपारी साडेचारला ठेवला आहे. पत्रिका पाहून ते म्हणाले, "त्या दिवशी षष्ठी आहे, म्हणजे सहा पाऊणे साडेचार, नेमकी भरतीची वेळ. पाऊस लागला, तर मी बांधावर असेन, हार तिकडेच पाठवा."